पासिंग नापास, एस्टिमेट चोपन्न हजार

गेल्या काही महिन्यांत बऱ्याच गटांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला. गटाची गाडी पासिंगला नेली, नापास झाली, आणि गॅरेजवाल्यानं एवढा आकडा सांगितला की पोटात गोळा आला. आता करायचं काय? हा प्रसंग आमच्यावरही येऊन गेलाय. म्हणून नियम-कायद्याकडे वळण्याआधी आमच्यावर काय गुदरलं तेच सांगतो.

आमचा अकरा जणींचा गट. बँकेचं कर्ज काढून आम्ही एक जुना छोटा हत्ती घेतला. सकाळी भाजी तालुक्याच्या बाजारात, येताना किराणा आणि पशुखाद्य, आठवडी बाजाराच्या दिवशी आमचे मसाले आणि पापड. गाडी चालवते ती आमच्यातलीच एक धाकटी वहिनी. सुरुवातीला रस्त्यानं लोक थांबून बघायचे. आता तेच लोक फोन करून विचारतात, "वहिनी, उद्या माझी चार पोती घ्याल का?"

गाडी नऊ वर्षांची झाली आणि पासिंगची तारीख आली. वहिनी गाडी घेऊन गेली, ती दुपारी तोंड उतरवून परत आली. नापास. त्याच वाटेवर एका गॅरेजात दाखवली, तर मेस्त्रीनं पुठ्ठ्याच्या तुकड्यावर आकडे लिहून दिले आणि खाली बेरीज केली: चोपन्न हजार. आमच्या गटाच्या खात्यात तेव्हा बावीस हजार होते, आणि कर्जाचा हप्ता आठ दिवसांवर आला होता.

त्या संध्याकाळच्या बैठकीत तीन मतं पडली. एक म्हणाली, विकून टाकू. दुसरी म्हणाली, दागिना गहाण ठेवते पण गाडी उभी नको. तिसरीला कुणीतरी सांगितलं होतं की एक एजंट सहा हजारांत गाडीला हात न लावता कागद करून देतो. ते ऐकून आम्ही सगळ्याच जरा गप्प झालो. खोटं कशाला सांगायचं, मोह झाला होता. तेव्हा आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या मावशी बोलल्या, "कागद पास होईल गं, पण ब्रेक पास होईल का? घाट उतरताना पोर एकटी असते गाडीत."

तिथं तो विषय संपला. मग आम्ही वही उघडली आणि एकेक गोष्ट लिहायला घेतली. त्या आठवड्यात जे शिकलो ते आज तुम्हाला सांगतो.

नापासाचा कागद आधी नीट वाचा

गावात आपण ज्याला पासिंग म्हणतो त्याचं सरकारी नाव योग्यता प्रमाणपत्र, म्हणजेच फिटनेस. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५६ प्रमाणे भाड्यानं किंवा मालवाहतुकीसाठी चालणाऱ्या प्रत्येक गाडीला ते लागतं. नवी गाडी घेतली की पहिली दोन वर्षं काळजी नसते. त्यानंतर गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, आणि आठ वर्षांनंतर दरवर्षी तपासणी. घरची मोटारसायकल किंवा खाजगी जीप असेल तर पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, तेव्हा तीही तपासणीला न्यावी लागते.

तपासणीत काय बघतात? ब्रेक, स्टेअरिंग, दिवे आणि त्यांचा झोत, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, आरसे, समोरची काच, सायलेन्सर, धूर, स्पीडोमीटर आणि अंधारात चमकणाऱ्या पट्ट्या. आपण ज्याला रेडियम म्हणतो, ती पट्टी पुढं पांढरी, मागं लाल आणि बाजूला पिवळी असावी लागते. टायरची नक्षी किती खोल हवी याचाही नियम आहे: चारचाकीला किमान १.६ मिलिमीटर, तीनचाकी आणि दुचाकीला ०.८ मिलिमीटर. टायरच्या खाचेत मधूनमधून छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला असं समजायचं. हे बघायला मेस्त्री लागत नाही.

गाडी नापास झाली की कारणं लेखी घ्या. तोंडी "ब्रेक बघा, स्टेअरिंग बघा" एवढ्यावर परत येऊ नका. पुन्हा तपासणी किती दिवसांत करायची आणि तिचं शुल्क किती, हेही तिथंच विचारून त्याच कागदावर लिहून घ्या. निकालच चुकीचा आहे असं तुम्हाला खरोखर वाटत असेल, तर कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत वरिष्ठांकडे अपील करता येतं. पण ब्रेक खरंच ढिला असेल, तर अपिलात वेळ घालवण्यापेक्षा ब्रेक दुरुस्त करणं शहाणपणाचं.

आमच्या कागदावर पाच कारणं होती. मागचे ब्रेक कमी लागतात. स्टेअरिंगला खेळ आहे. मागचे दोन टायर घासलेत. डाव्या हेडलाइटचा झोत वर जातो. रेडियम पट्टी फाटली आहे.

आणि गॅरेजच्या पुठ्ठ्यावर काय होतं? ब्रेकचं पूर्ण काम १२,५००. स्टेअरिंगचं पूर्ण काम ११,०००. चार टायर १४,४००. दोन नवे हेडलाइट ४,६००. डेंटिंग-पेंटिंग ९,०००. इतर २,५००. एकूण ५४,०००.

हे दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवल्यावर आमचं आम्हालाच दिसायला लागलं. नापासाच्या कागदात दोन टायर, पुठ्ठ्यावर चार. कागदात एका दिव्याचा झोत, पुठ्ठ्यावर दोन अख्खे दिवे. रंगाचं तर कागदात नावच नव्हतं. आणि "इतर" म्हणजे काय, ते फक्त मेस्त्रीलाच ठाऊक.

वहीत तीन रकाने आखा

बचतगटाच्या वहीत आपण बचत, कर्ज, व्याज असे रकाने आखतो. तसेच इथंही तीन रकाने आखायचे.

पहिला रकाना जिवाचा. ब्रेक, स्टेअरिंग, टायर आणि रात्रीचे दिवे यात येतात. यात घासाघीस दराची करायची, कामाची करायची नाही.

दुसरा रकाना पासिंगचा. त्यानं जीव जाणार नाही, पण त्याशिवाय कागद मिळणार नाही. रेडियम पट्टी, वायपरचं रबर, एखादा बंद पडलेला बल्ब, फुटका आरसा. ही कामं बहुधा स्वस्त असतात आणि बरीचशी आपल्या हातानं होतात. गाडीला हौसेनं बसवलेला कर्कश प्रेशर हॉर्न किंवा काचेवरची काळी फिल्म काढून टाकायला तर पैसेही लागत नाहीत.

तिसरा रकाना नंतरचा. रंग, सीट कव्हर, दारावरचा पोचा, अजून चालणारे पण जुने झालेले भाग. हे दिवाळीनंतर केलं तरी चालतं.

एस्टिमेटमधला एकेक आकडा यातल्या कुठल्या रकान्यात जातो ते लिहायचं. कुठं टाकावं ते कळत नसेल तर मेस्त्रीला सरळ विचारायचं: "दादा, हे आत्ता नाही केलं तर काय होईल?" चांगला मेस्त्री या प्रश्नाचं उत्तर गाडी दाखवून देतो. जो चिडतो, किंवा "तुम्हाला बायकांना त्यातलं काय कळणार" म्हणतो, त्याच्याकडून गाडी उचलायची.

चाकं आपल्यासमोर खोलायला लावा

आम्ही गाडी दुसऱ्या गॅरेजात नेली. ब्रेकबद्दल शंका होती म्हणून स्वतः चालवत नेली नाही, टोचन करून नेली. तुम्हीही हे लक्षात ठेवा. नापास गाडीत माल भरून फेरी मारायची नाही. पोलिसांचा दंड होतो ते वेगळंच, पण त्या अवस्थेत अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला कारण मिळतं आणि भरपाई गटाच्या अंगावर येऊ शकते.

दुसऱ्या मेस्त्रीला आम्ही सांगितलं, आधी खोलून दाखवा, मग आकडा सांगा. तपासणीची मजुरी तीनशे रुपये आधीच ठरवली. वहिनी आणि आमच्यातल्या दोघी तिथं उभ्या राहिल्या.

मागचं डावं चाक खोललं, तर ड्रमच्या आत सगळं ओलं. व्हील सिलिंडर गळत होता आणि ब्रेक ऑइल लायनरवर पसरलं होतं. तेल लागलेला लायनर ड्रमला धरत नाही, घसरतो. म्हणून ब्रेक दाबला तरी गाडी थांबायला वेळ घेत होती. असा लायनर पुसून परत बसवायचा नसतो, बदलायचाच. पुढच्या ब्रेक पॅडची जाडी मात्र अजून चांगली होती आणि ड्रमही ठीक होते. म्हणजे "पूर्ण ब्रेकचं काम" यातलं निम्मं काम खरं होतं.

मग मेस्त्रीनं पुढचं चाक जॅकवर उचललं. चाकाला डावी-उजवीकडून धरून हलवलं. खटखट वाजलं. तो म्हणाला, हा टायरॉड एंडचा खेळ. मग वर-खाली धरून हलवलं. परत हललं. तो म्हणाला, हा किंगपिनचा. बेअरिंगचाही असू शकतो, म्हणून ते तपासून घेतलं. मैत्रिणींनो, ही तपासणी दोन मिनिटांची आहे. पुढच्या वेळी तुम्ही समोर उभ्या राहून बघा. हात लावून बघितलं तरी कळतं.

इथं एक कबुली द्यायला हवी. किंगपिनचा खर्च ऐकून आम्ही म्हणालो होतो, ते राहू दे, नुसते टायरॉड एंड बदला. कागदावर "स्टेअरिंगला खेळ" एवढंच आहे, त्यात भागेल. मेस्त्रीनं हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणाला, "ताई, मग दुसरीकडे न्या. मी अर्ध्यावर सोडणार नाही." त्याचा राग आला होता तेव्हा. पण जुना पिन काढून त्यानं आमच्या हातात ठेवला, तेव्हा एका बाजूनं खाल्लेला तो पिन बघून वहिनी काही बोललीच नाही. त्याच पिनावर ती रोज घाट उतरत होती.

म्हणून सांगतो, मोठा आकडा म्हणजे लबाडीच असं धरून चालू नका. पहिला मेस्त्रीही चोरच होता असं आम्ही म्हणणार नाही. गाडी परत नापास झाली तर दोष आपल्यावर येईल, या धास्तीनं पुष्कळ गॅरेजवाले सगळंच नवं टाकायचा हिशेब देतात. त्यांच्या बाजूनं तो सोपा मार्ग असतो. पण पैसे आपले जातात. म्हणून कुठलं काम खरं आणि कुठलं वाढीव, हे आपण उभं राहून बघायचं.

आमचा शेवटचा हिशेब असा झाला. मागचे लायनर, दोन व्हील सिलिंडर, ब्रेक ऑइल आणि मजुरी मिळून ४,०५०. टायरॉड एंड, किंगपिनचा संच, मजुरी आणि अलाइनमेंट मिळून ६,०००. दोन टायर ७,०००. हेडलाइटचा झोत स्क्रू फिरवून खाली घेतला, त्याचे १५०. रेडियम पट्टी ४५०, ती आम्हीच चिकटवली. तपासणीचे ३००. एकूण १७,९५०. चोपन्न हजारांपेक्षा छत्तीस हजार पन्नास रुपये कमी. गाडी मात्र सहा दिवस उभी राहिली. त्या दिवसांत भाजी दुसऱ्याच्या टेम्पोतून पाठवली, त्याचं भाडं पडलं. तेही वहीत लिहिलं.

हे दर आमच्या गाडीचे आणि आमच्या तालुक्यातले आहेत. तुमचे वेगळे निघतील. आकडे उतरवून घेऊ नका, पद्धत उतरवून घ्या.

काम द्यायच्या आधी काय ठरवायचं

एस्टिमेट लेखी घ्या, आणि त्यात भागाचे पैसे वेगळे व मजुरी वेगळी लिहायला सांगा. "ब्रेकचं काम बारा हजार" हे एस्टिमेट नव्हे. कुठला भाग, किती नग, कुठल्या कंपनीचा, एका नगाची किंमत काय, हे हवं. कागदाच्या खाली एक ओळ लिहा: यापेक्षा जास्त काम निघाल्यास आधी फोन करून विचारावे. दोघांच्या सह्या घ्या. मोबाईलवर त्याचा फोटो काढून गटाच्या ग्रुपवर टाका.

या सहीला महत्त्व आहे. ठरलेलं काम केल्यावर त्याचे पैसे मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवायचा हक्क १८७२ च्या करार कायद्यानं कारागिराला दिलाय. कलम १७० मध्ये तो आहे. पण तो हक्क ठरलेल्या कामापुरता. न विचारता केलेल्या कामासाठी गाडी अडवली, तर तुमच्याकडचा सहीचा कागदच तुमच्या बाजूनं बोलतो.

दोन-तीन ठिकाणी दर विचारा, पण एकाच यादीवर विचारा. एकाकडे लायनरचा दर आणि दुसऱ्याकडे अख्ख्या ब्रेकचा दर, अशी तुलना होत नाही. सुट्या भागांच्या दुकानात गाडीचा नंबर आणि मॉडेल सांगून फोनवरही दर कळतो. भाग आपण आणून दिला तर चालेल का, हेही विचारा. काही मेस्त्री हो म्हणतात. पण मग भाग खराब निघाला तर दुकानदाराकडे आपल्यालाच जावं लागतं, हे धरून चाला.

कंपनीचा माल आणि लोकल माल यात दराचा मोठा फरक असतो. आमचा नियम असा: ब्रेक आणि स्टेअरिंगला चांगल्या कंपनीचाच माल, आरसा किंवा मडगार्डाला लोकल चालेल. खोक्यावरचं सील आपल्यासमोर फोडायला सांगा.

खोक्यावर छापील किंमत असते. तिच्यात सगळे कर धरलेले असतात. त्यामुळे छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि छापील किमतीवर वरून पुन्हा जीएसटीही लावता येत नाही. जीएसटी लावलाच असेल तर बिलावर गॅरेजचा जीएसटी नंबर असायला हवा. ज्याची नोंदणी नाही त्याला हा कर गोळा करायचा अधिकार नाही.

जुने काढलेले भाग परत मागा. हे काम सुरू व्हायच्या आधीच सांगा. आमचे जुने लायनर आणि पिन एका गोणीत घालून घरी आणले. भंगारात त्याचे फार पैसे येत नाहीत, पण भाग खरंच बदलला की नाही हे कळतं.

सगळी रक्कम आगाऊ देऊ नका. सामानापुरती उचल द्या, तिची पावती घ्या. बाकी पैसे गाडी चालवून बघितल्यावर. रिकाम्या रस्त्यावर हळू वेगात ब्रेक दाबा. गाडी एका बाजूला ओढते का? सरळ रस्त्यावर स्टेअरिंग वाकडं राहतं का? हँडब्रेकवर चढाला थांबते का? समाधान झालं की पैसे द्या आणि पक्कं बिल घ्या. कुठल्या भागाची किती दिवसांची हमी, ते बिलावरच लिहून घ्या.

धुराचं गणित

बऱ्याच गटांची गाडी धुरावर अडते. पीयूसी होत नाही आणि मेस्त्री म्हणतो इंजिन खोलावं लागेल. इंजिन खोलायचं म्हटलं की खर्चाला अंत नसतो. म्हणून आधी धुराचा रंग बघा.

डिझेल गाडीचा काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही. एअर फिल्टर धुळीनं भरला असेल, आणि आपल्या रस्त्यांवर तो भरतोच. फिल्टर बदलून बघा. मग नोझल म्हणजे इंजेक्टर तपासा. ही इंजिन खोलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त कामं. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. ऑइलची पातळी दर आठवड्याला उतरत असेल तर मात्र इंजिनचं काम खरंच असू शकतं. पांढरा धूर थंडीत सकाळी थोडा वेळ आला तर घाबरू नका. इंजिन गरम झाल्यावरही येतच राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर लगेच दाखवा. पीयूसीला जाताना गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून, इंजिन गरम करून न्या.

फसवणूक झाली तर

बिलच देत नाही म्हणाला तर ऐकून घेऊ नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे बिल किंवा पावती न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली जाते. आधी गॅरेजवाल्याशी शांतपणे बोला. मग लेखी पत्र द्या आणि त्याची पोच घ्या. तरी दाद दिली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. त्यापुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. आपण जिथं राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. वकील सक्तीचा नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते.

एक अडचण मात्र आधीच सांगतो. गाडी धंद्याची आहे, म्हणून तुम्ही ग्राहक नाही, असं समोरचा म्हणू शकतो. त्याच कायद्यात लिहिलंय की स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेल्या वस्तूचा वापर व्यापारी हेतूचा मानला जात नाही. म्हणून आपण स्वतः गाडी चालवून पोट भरतो, ही गोष्ट तक्रारीत स्पष्ट लिहा.

दुरुस्ती परवडतच नसेल तर

कधी कधी सगळे रकाने आखूनही आकडा मोठाच राहतो. चेसीसला गंज लागलाय, इंजिन गेलंय. तेव्हा मन घट्ट करून विचार करा. आज ही गाडी विकली तर किती येतील? दुरुस्तीनंतर ती किती वर्षं चालेल, आणि महिन्याला हातात किती ठेवेल? दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ जात असेल तर थांबा. गाडी भंगारात काढायचीच तर नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रात द्या आणि प्रमाणपत्र घ्या. कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला देऊन मोकळं होऊ नका. नोंदणी रद्द झाली नाही तर कागदोपत्री गाडी तुमच्याच नावावर राहते, आणि उद्या तिच्या नंबरवर काही झालं तर नोटीस तुमच्या दारात येते. कर्ज बाकी असेल तर बँकेची ना-हरकत आधी.

पुढच्या वर्षी रडायची वेळ येऊ नये म्हणून

आमची गाडी दुसऱ्यांदा पास झाली त्या दिवशी पेढे वाटले नाहीत. बैठक घेतली. ठरलं असं: प्रत्येक फेरीमागे तीस रुपये "गाडी निधी" म्हणून वेगळे काढायचे. महिन्याला पंचवीस फेऱ्या होतात, म्हणजे साडेसातशे. वर्षाला नऊ हजार. चोपन्न हजारांपुढं ते कमी वाटतील, पण अठरा हजारांच्या खर्चात निम्मा भार उचलतात.

दुसरं ठरलं ते तारखेचं. पासिंग, विमा आणि पीयूसी या तिन्हींच्या मुदती कॅलेंडरवर लाल पेनानं लिहिल्या. पासिंगच्या दीड महिना आधी गाडी आमच्याच मेस्त्रीला दाखवायची. तेव्हा निघालेलं काम सवडीनं होतं, दर विचारायला वेळ मिळतो, आणि गाडी उभी राहत नाही. मुदत संपल्यावर धावपळ केली की एजंटाचा नंबर आठवतो.

तिसरं, दर सोमवारी सकाळी वहिनीसोबत आणखी एक जण गाडीभोवती फिरते. ब्रेक ऑइलची पातळी, टायर, दिवे, चाकाच्या आतून काही गळतंय का. दहा मिनिटांचं काम. पाळी लावली आहे, त्यामुळे आता अकरा जणींनाही व्हील सिलिंडर म्हणजे काय ते ठाऊक झालंय. परवा मावशींनीच वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "मागचं उजवं जरा ओलं दिसतंय गं." बघितलं तर रात्रीच्या पावसाचं पाणी होतं. सगळ्या हसलो. पण वहिनीनं बोट फिरवून वास घेतला, तेल नाही याची खात्री केली आणि मगच गाडी काढली.

तुमच्या पुढच्या बैठकीत गाडीची कागदपत्रं बाहेर काढा. पासिंगची तारीख कधीची आहे ते मोठ्यानं वाचा. आणि गॅरेजवाल्यानं आजवर दिलेली बिलं घरात किती जणींकडे आहेत ते विचारा. एकही नसेल, तर पुढच्या दुरुस्तीपासून वही सुरू करा.